बी-सिरीज होंडा: हायब्रिड इंजिन बांधायचं की कंपनीचं तयार इंजिन बसवायचं?

इथे हायब्रिड म्हणजे बॅटरी आणि पेट्रोल दोन्हीवर चालणारी गाडी नव्हे. होंडाच्या बी-सिरीज घराण्यातल्या एका इंजिनच्या ब्लॉकवर (सिलिंडर आणि क्रँक असलेला खालचा भाग) दुसऱ्या इंजिनचं हेड (व्हॉल्व आणि कॅम असलेला वरचा भाग) बसवून जे इंजिन बांधतात, त्याला अमेरिकेतले होंडावाले हायब्रिड म्हणतात. सर्वांत जास्त बांधली जाणारी जोडी ‘एलएस-व्हीटेक’ची. व्हीटेक म्हणजे जास्त आरपीएमला व्हॉल्व जास्त उघडणारी होंडाची यंत्रणा. तिच्यात ब्लॉक होंडाच्या इंटिग्रा गाडीच्या एलएस मॉडेलचा (बी१८बी१ किंवा जुना बी१८ए१) आणि हेड बी१६ए या १.६ लिटरच्या व्हीटेक इंजिनचं असतं. दुसरा रस्ता म्हणजे इंटिग्रा जीएसआरचं बी१८सी१ इंजिन अख्खं उचलून सिव्हिकमध्ये बसवणं.

हायब्रिड फुटलं की लोक ‘एलएसचा ब्लॉकच कमजोर’ म्हणून मोकळे होतात. उघडून पाहिलं की बहुधा तेलाचा मार्ग, रॉडचे बोल्ट किंवा ईसीयूचं (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचं) मॅप यांपैकी काहीतरी चुकलेलं निघतं. यातलं जवळजवळ सगळं पहिला बोल्ट आवळण्याआधीच ठरलेलं असतं, म्हणून खाली तयारीला जास्त जागा दिली आहे. गाडी १९९२ ते २००० ची सिव्हिक किंवा १९९४ ते २००१ ची इंटिग्रा धरली आहे. १९८८ ते १९९१ च्या सिव्हिकला माउंट आणि क्लच केबलचं वेगळं काम लागतं, ते यात नाही.

१. पैसे खर्च करण्याआधी निर्णय

आधी आकडे. तिन्ही इंजिनांचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ८१ मिमीच आहे, फरक स्ट्रोकमध्ये (पिस्टनच्या वर-खाली प्रवासात) आहे. बी१६ए चा स्ट्रोक ७७.४ मिमी (१५९५ सीसी), बी१८सी१ चा ८७.२ मिमी (१७९७ सीसी) आणि एलएसचा ८९ मिमी (१८३४ सीसी). बोअर एकच असल्यामुळे हेडची अदलाबदल होऊ शकते. लांब स्ट्रोकमुळे हायब्रिडला खालच्या आरपीएमला जो जोर मिळतो, तो बी१६ए ला कधीच मिळत नाही. हायब्रिड बांधण्याचं खरं कारण हेच.

आता पिस्टनचा सरासरी वेग काढा. एलएस ब्लॉक ८,००० आरपीएमला सेकंदाला २३.७ मीटर जातो, जीएसआर २३.३ मीटर. फरक अगदी थोडा आहे. तरीही जीएसआर तिथपर्यंत निर्धास्त जातं, कारण कंपनीने त्यासाठी तजवीज करून ठेवली आहे. मधल्या तीन मेन कॅप एकत्र बांधणारा गर्डल, पिस्टनच्या पोटावर तेल मारणाऱ्या फवारण्या आणि जास्त आरपीएमसाठी बनवलेले रॉड हे तिन्ही त्यात आहेत, आणि एलएस ब्लॉकमध्ये तिन्ही नाहीत. एलएस ६,८०० च्या रेडलाइनसाठी बनलेलं इंजिन आहे. व्हीटेक हेड लावलं की चालवणारा ते ८,००० पर्यंत ओढणार, हे गृहीत धरूनच खालची बाजू बांधावी लागते.

आमचं मत सरळ आहे. तुमच्याकडे चांगला एलएस ब्लॉक आधीपासून गाडीत असेल, मशीन शॉप ओळखीचं असेल आणि इंजिन पूर्ण खोलायची तयारी असेल, तर हायब्रिड बांधा. रोज कामावर जायची गाडी असेल आणि ती दोन शनिवार-रविवारांत पुन्हा रस्त्यावर हवी असेल, तर जीएसआर बसवा. ‘हेड स्वस्तात मिळालं’ एवढ्यावर हायब्रिड बांधायला घेऊ नका. तेलाच्या नळीचा किट, हेडचं मशीनकाम, स्टड, रॉडचे बोल्ट, रॉडचं रिसायझिंग, बेअरिंग, रिंगा, गॅस्केट सेट आणि ट्युनिंग ही सगळी बेरीज कागदावर मांडा. ती बहुतेक वेळा तयार जीएसआरच्या जवळ जाऊन बसते.

सावधान: कॅलिफोर्नियात राहत असाल तर कायदा आधी पाहा. तिथे बदललेलं इंजिन गाडीच्याच सालचं किंवा नंतरचं असावं लागतं, त्याची प्रदूषण नियंत्रणाची सगळी मूळ सामग्री जागेवर असावी लागते, आणि रेफरीकडून (राज्याच्या तपासणी केंद्राकडून) तपासून घ्यावं लागतं. कंपनीने कधीच न विकलेली ब्लॉक-हेडची जोडी या चौकटीत बसत नाही. भारतातही मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ लागू होतं. इंजिन क्रमांक आरसीवर नोंदलेला असतो, त्यामुळे आरटीओची मंजुरी घेण्याआधी इंजिन उतरवू नका.

२. जुनं इंजिन किंवा हेड पारखणं

१. ब्लॉकवर ठोकलेला कोड वाचा. तो ब्लॉकच्या पुढच्या बाजूला, गिअरबॉक्सच्या जोडाजवळ असतो. खरवडलेला किंवा अर्धवट दिसणारा कोड असेल तर ते इंजिन सोडून द्या.

२. हेडवरची ओतीव अक्षरं वाचा. बी१६ए वर पीआर३ आणि जीएसआरवर पी७२ असतं. व्हॉल्व कव्हरवर कुठलंही नाव असू शकतं, तो पुरावा नव्हे.

३. कॉम्प्रेशन टेस्ट करा. चारही प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी पूर्ण चार्ज असू द्या. चार सिलिंडरांतला फरक २८ पीएसआयपेक्षा जास्त नको. एखादा कमी भरला तर त्यात चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा गेल्या, तसाच राहिला तर व्हॉल्व किंवा गॅस्केट.

४. नुसतं हेड घेत असाल तर कॅम टोप्या काढून कॅमचे जर्नल बोटाने चाचपा. नखाला अडेल असा चरा असेल तर ते हेड तेलाविना चाललेलं आहे. रॉकरखालच्या लॉस्ट मोशन असेंब्ली एकेक करून दाबा. त्या सहज खाली जाऊन परत वर याव्यात. अडकणारी असेल तर बदला.

तपासा: हेडची पातळी सरळ पट्टी आणि फीलर गेजने सहा दिशांनी मोजा. वाक ०.०५ मिमीच्या आत असेल तर फेसिंग (घासून सपाट) करायची गरज नाही. हेडची मूळ उंची १४१.९५ ते १४२.०५ मिमी असते. व्हर्नियरने मोजा, म्हणजे आधीच्या मालकाने किती घासून घेतलंय ते कळेल. एकूण ०.२ मिमीपेक्षा जास्त गेलेलं हेड घेऊ नका.

३. हायब्रिड: हेडचं मशीनकाम

सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. व्हीटेकची यंत्रणा तेलाच्या दाबावर चालते. बी१६ए च्या ब्लॉकमधून ते तेल डेकवरच्या (ब्लॉकच्या वरच्या सपाट पृष्ठभागावरच्या) एका भोकातून हेडमध्ये चढतं. एलएसच्या ब्लॉकवर त्या जागी जुळणारं भोकच नाही. म्हणून हेडच्या तळाचं ते भोक कायमचं बंद करायचं आणि तेल बाहेरच्या नळीने आणायचं.

१. तळाच्या भोकात एनपीटी (पाइपचे) आटे पाडा. हे आटे निमुळते असतात, टॅप फार खोल नेला तर बूच आतपर्यंत घसरतं आणि कधीच घट्ट बसत नाही. चार-पाच फेऱ्या मारल्या की टॅप काढा, बूच लावून पाहा, पुन्हा दोन फेऱ्या मारा, असं करत जा. हेड ॲल्युमिनियमचं आहे, टॅपला तेल लावा आणि दर अर्ध्या फेरीला मागे फिरवून कीस तोडा.

२. बूच तेल सहन करणाऱ्या थ्रेड सीलरने बसवा. टेफ्लॉन टेप वापरू नका. तिचे धागे तुटून थेट व्हीटेक सोलेनॉइडच्या बारीक जाळीत जाऊन बसतात.

३. बूच डेकच्या पातळीपेक्षा केसभरही वर नको. थोडं खाली असलेलं चालेल. वर राहिलं तर गॅस्केट तिथे कधीच दाबला जाणार नाही. सरळ पट्टी ठेवून उजेडासमोर धरा.

४. हेडच्या बाजूने त्याच तेलमार्गाला छेदणारं भोक पाडून तिथे नळीचं फिटिंग बसवा. एएन-४ मापाची विणलेल्या स्टीलची नळी पुरेशी होते. नळीचं दुसरं टोक ब्लॉकच्या मागे, ऑइल फिल्टरशेजारच्या ऑइल प्रेशर सेंडरच्या जागी टी लावून जोडा.

५. डॉवेल पिना. एलएस ब्लॉकच्या डॉवेलच्या जागा व्हीटेक हेडशी जुळत नाहीत. हेडची भोकं ब्लॉकच्या डॉवेलप्रमाणे मोठी करावी लागतात. हे काम मिलिंग मशीनवरच करून घ्या. हातातल्या ड्रिलने भोक तिरकं गेलं तर हेड चौथाई मिमी सरकून बसतं आणि गॅस्केटची कड थेट सिलिंडरमध्ये येते.

६. मशीनकाम संपल्यावरच हेड धुवा. आधी धुतलेलं हिशोबात धरू नका. प्रत्येक तेलमार्गात ब्रश घाला, रॉकेल मारा, मग कॉम्प्रेसरची हवा. ॲल्युमिनियमचा एक कीस कॅमचं जर्नल संपवायला पुरतो.

तपासा: हेड बाकावर उलटं ठेवून नळीच्या फिटिंगमधून तेलाच्या कॅनने तेल ढकला. ते कॅमच्या जर्नलमधून बाहेर यावं, तळाच्या बुचाच्या कडेने एक थेंबही नको.

४. हायब्रिड: खालची बाजू

रॉडच्या बोल्टपासून सुरुवात करा, कारण इथे कंजूषी केली की कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. मूळ बोल्ट ठेवणार असाल तर रेव्ह लिमिट ७,२०० च्या वर नेऊ नका. ८,००० हवे असतील तर एआरपी कंपनीचे जास्त मजबूत रॉड बोल्ट लागतीलच.

नवे बोल्ट जुन्या रॉडमध्ये दाबून बसवले की मोठ्या टोकाची गोलाई बिघडते. डोळ्याला दिसत नाही, पण बेअरिंगला कळतं. म्हणून बोल्ट बदलल्यावर चारही रॉड मशीन शॉपमध्ये रिसाइझ (मोठं टोक पुन्हा गोल) करून घ्या. हा टप्पा वगळणारे पुष्कळ आहेत, आणि हजार-दोन हजार किलोमीटरनंतर बेअरिंगचा खडखडाट घेऊन परत येणारेही तेच.

मेन आणि रॉड बेअरिंगचा गॅप प्लॅस्टिगेजने (दाबली जाऊन गॅप दाखवणाऱ्या मऊ पट्टीने) मोजा. ०.०५ मिमीच्या वर गेला तर क्रँक ग्राइंडिंगला द्या किंवा वेगळ्या रंगकोडची बेअरिंग घ्या. प्लॅस्टिगेज लावल्यावर क्रँक फिरवायचा नाही. फिरवला तर पट्टी फासली जाते आणि गॅप प्रत्यक्षापेक्षा कमी वाटतो.

ब्लॉकची डेक सरळ पट्टीने मोजा, ०.१० मिमीपेक्षा जास्त वाक असेल तर फेसिंग. सिलिंडरला होनिंग करून नव्या रिंगा घाला. रिंगेचं तोंड प्रत्येक सिलिंडरमध्ये पिस्टननेच सरळ ढकलून फीलर गेजने मोजा. ऑइल पंप जीएसआर किंवा टाइप-आरचा (इंटिग्राच्या सर्वांत वेगवान मॉडेलचा) घ्या. वर आता व्हीटेकची यंत्रणा तेल मागणार आहे आणि जुन्या एलएस पंपाचं वय झालेलं असतं.

५. कॉम्प्रेशन रेशो मोजा, अंदाज बांधू नका

एका सिलिंडरचं आकारमान (८१ बाय ८९ मिमी) ४५८.६ सीसी होतं. पिस्टन वर असताना उरणारी जागा चार तुकड्यांनी बनते. हेडमधली कंबश्चन चेंबर, गॅस्केटची जाडी, पिस्टनच्या माथ्यावरचा खड्डा किंवा उंचवटा, आणि डेकपासून पिस्टन किती खाली थांबतो ते.

चेंबर मोजायला हेड उलटं ठेवा, व्हॉल्व आणि प्लग जागेवर असू द्या. भोक पाडलेली ॲक्रिलिकची काच ग्रीस लावून वर चिकटवा आणि ब्युरेटने रंगीत रॉकेल भरा. काचेखाली बुडबुडा उरला नाही की आकडा लिहा.

समजा चेंबर ४२.५ सीसी आली. गॅस्केटचं भोक ८२ मिमी आणि दाबल्यावरची जाडी ०.७ मिमी असेल तर त्याचे ३.७ सीसी. पिस्टनचा खड्डा आणि डेक मिळून २ सीसी. बेरीज ४८.२. मग ४५८.६ अधिक ४८.२, भागिले ४८.२, म्हणजे १०.५. रस्त्यावरच्या गाडीला प्रीमियम पेट्रोलवर ११ च्या आत राहणं शहाणपणाचं. टाइप-आरचे उंच माथ्याचे पिस्टन ‘जास्त ताकद’ म्हणून घालणारे हा हिशोब करत नाहीत आणि मग डिटोनेशनने (पेट्रोलच्या अवेळी भडक्याने) रिंगेच्या कडा तुटतात.

तपासा: पिस्टनवर प्लॅस्टिसिन मातीचा पातळ थर ठेवा, त्यावर तेलाचं बोट फिरवा, जुना गॅस्केट घालून हेड बसवा, टायमिंग लावून हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवा. माती कापून जाडी मोजा. इनटेकला २ मिमी आणि एक्झॉस्टला २.५ मिमीपेक्षा कमी अंतर नको. बारीक कॅमवर चालणारी जोडी मोठ्या कॅमवर भिडू शकते, म्हणून कॅम बदलला की हे पुन्हा करा.

६. हायब्रिडची जोडणी

१. नवा गॅस्केट आधी हेडवर, मग ब्लॉकवर ठेवून पाण्याचं प्रत्येक भोक आणि डॉवेलची जागा बघा. दोन्हीकडे जुळला तरच वापरा.

२. स्टड एलएस-व्हीटेकसाठी बनवलेलेच घ्या. टॉर्क त्यांच्या पाकिटावरचा आणि वंगण त्यांचंच. कंपनीच्या मूळ बोल्टचा टॉर्क (आधी २९, मग ८५ न्यूटन-मीटर) एआरपी स्टडला लावू नका. बोल्टच्या भोकात तेल साचलेलं असेल तर फुंकून काढा, नाहीतर आवळताना ब्लॉकला तडा जातो.

३. टायमिंग बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकाच इंजिनच्या संचातले घ्या आणि दात मोजा. एलएस ब्लॉकची डेक २१२ मिमी उंच आहे, बी१६ए ची २०४. हेड बी१६ए चं म्हणून बेल्टही त्याचा आणला तर तो आखूड पडतो.

४. बेल्टचा ताण असा द्या. बी-सिरीज पुलीकडून पाहिलं तर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं. पाच-सहा फेऱ्या त्याच दिशेने फिरवून टीडीसीवर (पहिला पिस्टन सर्वांत वर) आणा, टेन्शनरचा बोल्ट अर्धी फेरी ढिला करा, कॅम पुलीचे तीन दात पुढे जाईपर्यंत क्रँक फिरवा आणि तिथेच बोल्ट ५४ न्यूटन-मीटरला आवळा. उलटं फिरवलं तर सैल बाजू चुकीच्या जागी येते आणि बेल्ट दात सोडतो. या इंजिनात दात सुटला की व्हॉल्व वाकतात.

५. टॅपेट थंड इंजिनवर लावा, इनटेक ०.१५ ते ०.१९ मिमी, एक्झॉस्ट ०.१७ ते ०.२१. एलएसच्या पुस्तकातला इनटेकचा आकडा (०.०८ ते ०.१२) इथे लावणं ही फार नेहमीची चूक आहे. टॅपेट हेडच्या मापाने लागतात.

७. कंपनीचं इंजिन बसवत असाल तर

जीएसआर बाहेर आहे तोवर टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, टेन्शनर, क्रँकचं मागचं आणि पुढचं सील, कॅम सील आणि क्लच बदलून घ्या. गाडीत बसल्यावर मागच्या सीलसाठी पुन्हा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. हेड मात्र उघडू नका. कॉम्प्रेशन चांगलं आलेलं इंजिन ‘एकदा आत बघू’ म्हणून खोललं की स्वॅपचा फायदा गेला.

१९९२ ते १९९५ च्या सिव्हिकला १९९४ ते २००१ च्या इंटिग्राचे ॲक्सल, मधला शाफ्ट आणि शिफ्ट लिंकेज लागतं. बी-सिरीजची मागची टी-ब्रॅकेट इंजिनबरोबरच मागून घ्या. ती वेगळी शोधायला गेलात की आठवडा जातो. इंजिन खाली सोडताना सगळे माउंट बोल्ट आधी हाताने लावा, इंजिन हलवून बसू द्या, मग आवळा. एक माउंट आधी घट्ट केला तर रबर पिळलेलं राहतं आणि केबिनमध्ये थरथर येते. क्रँक पुलीच्या बोल्टला १७७ न्यूटन-मीटर.

८. वायरिंग आणि ईसीयू

ओबीडी-१ (जुन्या पिढीच्या) ईसीयूमध्ये व्हीटेक सोलेनॉइड ए४ वर, व्हीटेक प्रेशर स्विच डी६ वर, नॉक सेन्सर डी३ वर आणि जीएसआर मॅनिफोल्डची दुय्यम बटरफ्लाय ए१७ वर येते. १९९६ नंतरच्या गाडीला ओबीडी-१ ईसीयू लावायचा तर कन्व्हर्जन हार्नेस लागतो. १९९६-९८ ची सिव्हिक ओबीडी-२ए आणि १९९९-२००० ची ओबीडी-२बी, हार्नेस मागवताना हे नीट सांगा.

जीएसआरला पी७२ ईसीयू (हेडवरचाच कोड ईसीयूवरही असतो) लावला की मॅपची चिंता संपली. तो ईसीयू त्याच इंजिनसाठी बनला आहे. हायब्रिडसाठी कंपनीचा एकही ईसीयू बरोबर नाही. बी१६ए चा पी३० ईसीयू हा १.६ लिटरसाठी लिहिलेला, १.८ लिटरला तो पेट्रोल कमी पाजतो. चिप केलेला पी२८ ईसीयू घ्या आणि डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर लावून मॅप करून घ्या. पूर्ण थ्रॉटलला एअर-फ्युएल (हवा आणि पेट्रोलचं प्रमाण) १२.८ ते १३.२ च्या दरम्यान ठेवा. मॅप होईपर्यंत ४,००० आरपीएमच्या वर जाऊ नका.

तपासा: इंजिन लाइट २१ लुकलुके देत असेल तर सोलेनॉइडची वायर, २२ तर प्रेशर स्विच किंवा तेलाचा कमी दाब, २३ तर नॉक सेन्सर. हायब्रिडमध्ये २२ आला तर आधी बाहेरची तेलाची नळी बघा, वायर नंतर.

९. पहिलं स्टार्ट

१. फ्युएल पंपाचा फ्यूज आणि इग्निशनची जोडणी काढा. प्लग बाहेर ठेवून सेल्फ मारा. तेलाचा दाब दिसेपर्यंत दहा-दहा सेकंदांनी, मध्ये थांबून.

२. ऑइल फिलर उघडून बघा. कॅमवर तेल पोहोचलं नसेल तर इंजिन चालू करू नका. कोरड्या कॅमवर एक मिनिटही फार आहे.

३. चालू झाल्यावर सर्व्हिस कनेक्टर जोडून टायमिंग लाइट लावा. पुलीवरच्या लाल खुणेवर १६ अंश यायला हवेत. पांढरी खूण टीडीसीची असते, तिच्यावर टायमिंग लावलं तर गाडी मेल्यासारखी चालते आणि लोक मॅपला दोष देतात.

४. पहिल्या दहा मिनिटांत बाहेरच्या नळीचे दोन्ही जोड पांढऱ्या कागदाने पुसून बघत राहा. नळी मागे, फायरवॉलकडे असल्यामुळे गळती खाली ठिबकेपर्यंत दिसत नाही.

१०. पुढचे काही दिवस

स्वॅप केलेल्या जीएसआरला रिंगा बसवायच्या नसतात. पाणी, तेल आणि क्लचचं फ्री प्ले बघा आणि चालवा.

हायब्रिडला नव्या रिंगा बसवायच्या असतात. साधं खनिज तेल घाला. पहिल्या ३० किलोमीटरमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये मध्यम जोर देऊन इंजिन ब्रेकिंगने खाली येऊ द्या, हे पुन्हा पुन्हा करा. एका आरपीएमवर महामार्गावर तासभर चालवलं तर रिंगा चकाकतात आणि तेल पिणं कायमचं मागे लागतं. ८० किलोमीटरला तेल आणि फिल्टर बदला, नंतर ८०० ला पुन्हा. काढलेला फिल्टर हॅकसॉने कापा, कागद उलगडून उजेडात पसरा आणि चुंबक फिरवा. बारीक करडी भुकटी चालेल. तांब्यासारखी चमक दिसली तर ते बेअरिंग आहे. तेव्हा गाडी तिथेच बंद करा आणि ऑइल पॅन उतरवून रॉडच्या टोप्या एकेक काढून बघा.